आठवण जागी करणारी वस्तू

हॉस्पिटलात नंबरची वाट बघत, दातदुखीनं गाल धरून बसलेल्या बस ड्रायव्हरला मागच्या बाकावरचे बहीणभाऊ दिसत नव्हते. ऐकू मात्र सगळं येत होतं.

"कोकेन सोडून वर्ष होत आलं ना? मग आता कसलं औषध?"

"ओढ कुठे सुटलीय, ताई? डॉक्टर आधी कोकेन ओढतानाची आठवण मुद्दाम जागी करणार. जागी असतानाच गोळी देणार, म्हणजे परत झोपेपर्यंत तिची नखं बोथट होतात म्हणे. अजून प्रयोगच चाललेत."

"तुझ्यावर?"

"आधी उंदरांवर झाले. मग माझा नंबर."

"मला विसरशील का रे?"

"नाही गं. आठवण राहते, ओढ कमी होते. झाली तर."

"आणि आठवण जागी करणारी वस्तू आणायची होती ना? पिशवीत तर नुसता डबा दिसतोय."

"वस्तू म्हणजे तू."

"मी?"

"रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा, 'जेवलास का?' मी खोटंच म्हणायचो, 'हो, पोटभर.' मग आरशात तोंड बघायची लाज वाटायची, म्हणून आरसा आडवा ठेवून त्यावरच पूड ओढायचो. अजून तुझा फोन वाजला की नाक हुळहुळतं."

"म्हणून वर्षभर माझा फोन उचलला नाहीस?"

"हो."

"मला वाटलं, रागावलास."

नर्सनं भावाचा नंबर पुकारला.

"आत मी काय करू?"

"नेहमीचंच विचार. मी या वेळी खरं सांगेन."

"काय?"

"सकाळपासून पोटात काही नाही."

"मग आधी चार घास खाऊन घे, मेल्या! आठवण काय पळून जातेय?"