खंडेनवमीनंतरचा उलटा प्रवाह

हडपसरच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक मुलगा आणि त्याची लॅबमधली सीनिअर बसले होते.

“पूर्वाताई, आज नळीतलं पाणी सरळ गेलं.”

“म्हणजे?”

“वीज लावली आणि ते साध्या नळीतल्यासारखं मुकाट ऋण टोकाकडे निघालं. चारदा करून बघितलं.”

“शक्यच नाही, उजैर. आपलं आयन-एक्सचेंज रेझिन नळीत भरलं की प्रवाह उलटा, धन टोकाकडे होतो. माझा अख्खा प्रबंध त्यावर उभा आहे. सोमवारी व्हायवा आहे माझा!”

“म्हणून तर सांगतोय. परवा खंडेनवमीला मशीन पुसायला वायरी काढल्या ना? पूजेनंतर त्या मी मॅन्युअल बघून लावल्या.”

“मग?”

“आधी उलट्या होत्या. लाल वायर काळीच्या जागी आणि काळी लालच्या.”

“अरे देवा! कधीपासून?”

“ते तूच सांग. उलटा प्रवाह पहिल्यांदा कधी दिसला?”

“गेल्या वर्षी... दसऱ्याची सुट्टी संपल्यावर.”

“आणि त्या पूजेनंतर वायरी कुणी लावल्या होत्या?”

“आपल्या गाइड सरांनी. म्हणाले, तुम्ही पेढे वाटा, मशीनचं मी बघतो.”

“म्हणजे तेव्हापासून त्या उलट्याच होत्या.”

“उजैर, सरांना सांगितलंस हे?”

“सकाळीच सांगितलं. म्हणाले, सोमवारपर्यंत वायरी आधी होत्या तशाच उलट्या लावून ठेव.”

“त्यांना काहीच धक्का बसला नाही?”

“नाही ना, ताई. त्यांनी फक्त उठून केबिनचं दार लावून घेतलं.”