म्हशीच्या पोटावरचं नाव

…नाही, पंख्यावर नाव टाकलं तर माझं काही म्हणणं नाही हो, पंखा फिरायला लागला की कुणाला दिसतंय! पण चित्रावर? काढलेल्या चित्रावर?

तुम्हाला सांगतो, आमचं पाचोरा म्हणजे दिलदार गाव. दान द्यायला कुणी मागंपुढं पाहत नाही. फक्त एवढंच, की नाव दिसलं पाहिजे! शाळेच्या बाकावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, घंटेवरसुद्धा नाव. शिपाई आधी दात्याच्या आडनावावर टोला हाणतो आणि मग शाळा सुटते!

आता मी पडलो ड्रॉइंगचा मास्तर. सत्त्याऐंशी साल. दहावीची पोरं आली, पुढं मंदा, आमच्या तोताराम पाटलांची. म्हणते, "सर, आपण चित्रांचं प्रदर्शन भरवू. शाळेत नको, कापूस मार्केटच्या शेडात. बठ्ठं गाव आलं पाहिजे." का? तर तिला धुळ्याला चित्रकला शिकायला जायचं होतं, आणि तोताराम आबा केळीच्या बागेत उभे राहून एकच बोलायचे, "रंग फासीसन काय व्हस? गावमा पोरनं नाव व्हयनं ते धाडसु धुळाले, नही ते दिवाळीनंतर लगीन!" झालं! म्हणजे गावात पोरीचं नाव करून तिचं लग्न टाळायचं तर मला प्रदर्शन भरवणं आलं. पण भरवायचं कशानं? शाळेकडे खडूला पैसे नाहीत!

गेलो पोरांना घेऊन जळगावला, सरकारी कचेरीत, अनुदान मागायला. तिथला कारकून डोळे न उघडता म्हणतो, "खेळाला अनुदान आहे, झाडं लावायला आहे, चित्राला नाही. चित्रात झाडं आहेत का?" आमचा दहावीतला धनसिंग मध्येच, "साहेब, माझ्या चित्रात म्हैस आहे." "मग पलीकडच्या खोलीत जा, पशुसंवर्धनला!" गेलो. खरंच गेलो हो! अडला हरी… तिथले साहेब चित्र उलटंसुलटं करून विचारतात, "दूध किती देते?" धनसिंग म्हणतो, "अजून रंग ओला आहे, साहेब."

शेवटी आपले हस्तीमल शेठ, सरकीचे व्यापारी. गादीवरून उठून उभे राहिले, चहा पाजला. "मास्तरसाब, पोरांचं काम म्हणजे पुण्याचं काम! कागद घ्या, रंग घ्या, काचेच्या फ्रेमा करा, मांडव घाला, सगळं आपल्याकडून. फक्त…" मी म्हटलं, "नाव दिसलं पाहिजे." शेठ खूश! "हुशार आहात हो तुम्ही!"

हुशार! कसला हुशार? मला वाटलं दारावर एक फलक लावतील. उद्घाटनाच्या सकाळी मी जरा घरी जाऊन दोन घास खाऊन येतो, तर लोटन पेंटर ब्रश पुसत उभा. गावातलं एकूण एक नाव यानंच रंगवलेलं. आणि बघतो तर काय… प्रत्येक चित्राच्या काचेवर, पिवळ्याधमक ऑइलपेंटनं, खाली लाल सावली देऊन, 'शेठ हस्तीमल दीपचंद यांजकडून'! "लोटन, मेल्या, हे काय केलंस?" तर शांतपणे, "सर, शेठ म्हणाले, जे जे दिलं त्यावर टाक. फ्रेमची पट्टी बोटभर, तिच्यावर काय दिसणार? काच पण त्यांचीच ना?"

अहो, पण चित्रं कुणाची? एक गाढव. खाली शेठ हस्तीमल दीपचंद. एक भोपळा, शेठ हस्तीमल दीपचंद. आणि धनसिंगच्या म्हशीच्या तर थेट पोटावर! "जागा होती, सर."

मी कपाळाला हात लावला. मंदानं मात्र रॉकेलचा बोळा घेतला, तिच्या चित्रावरचं, म्हणजे केळीच्या बागेत घड उतरवणाऱ्या तिच्या आईवरचं नाव खसाखसा पुसलं, लोटनच्या हातातला ब्रश ओढला आणि त्याच पिवळ्या रंगात ठोकून दिलं, 'मंदा तोताराम पाटील'. मी म्हटलं, "अगं, शेठ!" म्हणते, "सर, नाव दिसलं पाहिजे ना?" बाकीची पुसावीत, तर बाहेर बँड वाजला. शेठ आले!

मागून अख्खा बाजार. म्हातारे झुलाल नाना गाढवापुढं थांबले, एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचलं, एकदा गाढवाकडं पाहिलं, एकदा शेठकडं, आणि म्हणाले, "डोळा बराबर उतरना शे!" म्हणजे डोळा हुबेहूब उतरलाय! पोरं तोंडात रुमाल कोंबतायत. शेठ म्हशीसमोर उभे. बघतायत… बघतायत… मी म्हटलं, गेली देणगी, गेली नोकरी. आणि शेठ म्हणतात, "वा, लोटन! स्टेशनवरून वाचता येईल!"

आणि मग मंदाच्या चित्रापाशी पाय थबकले. कपाळावर आठी. "मास्तरसाब, इथं आपलं नाव नाही?" मंदा म्हणाली, "काका, हे मी काढलंय." पण ऐकतंय कोण? आमच्याकडं वस्तूवर नाव ते देणाऱ्याचं, करणाऱ्याचं थोडंच असतं! शेठ वळले ते थेट गर्दीतल्या तोताराम आबांकडं. "तोताराम! तूपण दिलं? आणि बोलला नाहीस? एकच दिलं, पण दिलं ना!" असं म्हणून आपल्या गळ्यातला हार काढून आबांच्या गळ्यात घातला. टाळ्या!

आबांनी आजवर कुणाला केळं फुकट दिलेलं नाही! ते काचेपाशी गेले, बोट फिरवत पोरीचं नाव वाचलं, मागं वळून गर्दी पाहिली, छाती अशी वर आली, आणि तोंडातून निघून गेलं, "दिधी ना, शेठ! मनी पोर दिधी मी, चित्रकलाले. धुळाले धाडी ऱ्हायनू!"

बस! पोर चित्रकलेला दिली म्हणाले! गावासमोर बोललेलं दान, मागं घेतंय कोण? मला तर तिथंच रडू आलं, खोटं कशाला सांगू. पोरगी गेली धुळ्याला, शिकली, नाव काढलं.

आणि परवा मी निवृत्त झालो, तर तिनं काय पाठवावं? माझंच चित्र! हुबेहूब, चष्म्यासकट. शाळेनं कौतुकानं दारातच लावलं. पण फ्रेम कुणी दिली? काच कुणाची? आणि लोटन अजून धडधाकट आहे! माझ्या बरोब्बर छातीवर, पिवळ्याधमक अक्षरात, खाली लाल सावली…

आता पाचवीची नवी पोरं मला रस्त्यात गाठून हात जोडतात, "नमस्ते, हस्तीमल शेठ!" मीही हात वर करतो. त्या म्हशीनं तरी कुठं तक्रार केली होती!