"दोन्हींवर तपासलं"

मुलगी : थांब थांब, बाबा. जुनी स्क्रीन आणि नवी स्क्रीन, एकाच मापाच्या, एकाच कारखान्यातल्या. मग दोघींना मिळून एक ड्रायव्हर पुरे की! दोन लिहा, दोन सांभाळा, हौस आहे का?

बाबा : म्हणूनच मार्चमध्ये मी एकच केला. मशीनच्या अगदी मुळाशी, कर्नलमध्ये असतो तो प्रोग्राम. त्याने सांगितलं तर स्क्रीन उजळते.

मुलगी : मग आता ठरवायचं काय उरलं?

बाबा : तो तसाच ठेवायचा की पुन्हा दोन वेगळे करायचे. ऑफिसने पाचपर्यंत उत्तर मागितलंय.

मुलगी : पण बिघडलं काय?

बाबा : वीज आली की नवी लगेच ऐकते. जुनीला जरा थांबावं लागतं. मी नवीचाच वेळ दोघींना लावला. आता जुनी कधी उजळते, कधी काळीच राहते.

मुलगी : आमच्या मागच्या बाकावर अशा चौघी आहेत. आज हाक मारली की उद्या "ओ".

बाबा : हसू नकोस गं. जुन्या स्क्रीन सगळ्या दवाखान्यांत आहेत. पेशंटच्या उशाशी. नाडी दाखवतात.

मुलगी : कुणाला काही झालं?

बाबा : परवा एका वॉर्डात वीज जाऊन आली. सहा काळ्या राहिल्या. नर्सबाई तासभर हाताने नाड्या मोजत फिरल्या. या खेपेला निभावलं.

मुलगी : मग विचार कसला करतोस? वेगळे कर! पाचसुद्धा वाजू देऊ नकोस.

बाबा : मग विचारतील, तपासताना कळलं कसं नाही?

मुलगी : कळलं कसं नाही?

बाबा : ऑफिसातली शेवटची जुनी स्क्रीन फुटलेली. दुसरी यायला महिना लागणार होता. कागदावर सगळे आकडे जुळत होते. म्हटलं, सख्ख्या बहिणी, काय फरक पडणार.

मुलगी : म्हणजे न तपासताच?

बाबा : काम पाठवताना खाली एक ओळ लिहावी लागते. मी लिहिलं, "दोन्हींवर तपासलं."



मुलगी : दोघींनाही जास्त वेळ थांबायला लावलं तर? ड्रायव्हर एकच राहील. कुणाला पत्ताही लागणार नाही.

बाबा : सकाळपासून तेच टाइप करून बसलोय. पण जुनी आणखी कशाकशाला अडते, मला ठाऊक नाही. तिचा आधीचा ड्रायव्हर नऊ वर्षं बिनतक्रार चालला. माझा नुसता माझ्या डोक्यात चालला.

मुलगी : काढतील तुला?

बाबा : बहुतेक.

मुलगी : सरक. तू सांग, मी टाइप करते. माझा हात भराभर चालतो.

बाबा : नको. हे मलाच लिहू दे.

मुलगी : बरं. लिही. मी इथेच बसते.

बाबा : "वेगळे करा. जुन्या स्क्रीनवर मी तपासलं नव्हतं."

मुलगी : गेलं?

बाबा : गेलं.

मुलगी : आईला तू सांगतोस की मी?

बाबा : आत्ताच आलीये ती. आधी चार घास खाऊ दे तिला.