आप्पांची गादीवाली होडी

आजच्या सभेचे अध्यक्ष हरिभाऊ, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेलं संचालक मंडळ, संकेश्वराहून मुद्दाम आलेले पाहुणे, सत्कारमूर्ती मारुतीराव आप्पा, आणि जाळी वाळत टाकून इथं आलेल्या माझ्या मच्छीमार बंधू-भगिनींनो,

आप्पा आज आपल्या सोसायटीचं चेअरमनपद सोडून अनगोळला लेकीकडे राहायला निघालेत. त्यांच्याविषयी दोन शब्द बोलायचा मान मला मिळाला. मी माधवी, मष्णूंची बायको. मालकांच्या जागी मला संचालक कुणी केलं? आप्पांनीच. आधी जागा रिकामी केली, मग ती भरली. एवढी काळजी आजकाल कोण घेतं हो?

आप्पांची दूरदृष्टी सांगायची तर होडीची गोष्ट सांगायला हवी. धरणाच्या पाण्यात आपण जाळं बाजूनं ओढतो. तिघं एकाच काठाला उभे राहतात आणि भिजलेलं जाळं आत घेतात. त्यासाठी होडी रुंद हवी, बुडाला जड हवी, काठ गुडघ्याएवढा आणि मधली जागा मोकळी. आप्पांना हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांचे वडील याच धंद्यावर जगले. पण आप्पा मालवणला सहलीला गेले, पाहुण्यांना फिरवणारी होडी पाहिली आणि भाळले.

सभेत आमचे मालक उठले. म्हणाले, "आप्पा, लाकडाची करूया. वर्साला डांबर लागंल, पर ती पाण्यात बसती. फायबरचीच पायजे असंल तर रुंद तरी घ्या. आनि मदी गाद्या कशाला? जाळं वडायचं हाय, वरात न्हाय काढायची."

"मष्णू, तू मासं धर रं. शोभा आमी बघतो," आप्पा म्हणाले. लगेच हात वर झाले. तेच हात आज हार घालत होते, मी ओळखले.

होडी आली. फायबरची, अरुंद, हलकी, पिवळीधमक. मधे गाद्यांची बाकं, डोक्यावर छत, आणि पाहुण्यांची कापडं भिजू नयेत म्हणून कमरेएवढा काठ. फोटो तर काय झकास आला! फक्त मासे धरायची सोय तेवढी राहिली. काठावरून हात पाण्याला पोचेनात, म्हणून माणसं बाकावर चढून जाळं ओढायला लागली. पाडव्याच्या आदल्या दिवशी मासा लई लागला. तिघांनी जोर केला, होडी कलली आणि पालथी झाली. गुंडू आणि भरमू पोहून आले. मालक छताखाली अडकले. माझा माणूस पट्टीचा पोहणारा होता हो.

आप्पा दारात भेटायला आले. म्हणाले, "तिघांनीबी एका बाजूला हुबं ऱ्हायला नको हुतं." त्याचं उत्तर आज सांगते. आप्पा, दोन्ही बाजूंनी येतो तो हार. जाळं एकाच बाजूनं येतं.

आता जाता जाता आप्पांनी तसल्याच आणखी पाच होड्या आणायचं सुचवलंय. चहापाणी झालं की हात वर करायचे आहेत. त्यातल्या एकीवर माझा पोरगा सौरव जाणार. म्हणून एक नम्र विनंती. ती होडी दुरुस्त होऊन समोर घाटाला लागलीय, जाळंही टाकून ठेवलंय. आप्पांनी गादीवर उभं राहून एकदा, फक्त एकदा ओढावं. गुंडू आणि भरमू सोबत येतील. ओढलंत, तर पाचही होड्यांना पहिला हात माझा.

उठताय ना, आप्पा? फेटा राहू द्या, शोभा दिसेल.

का हो? पोहायला येत नाही म्हणता? मग काय झालं, होडी तर तुमच्या पसंतीची आहे.

बसा, बसा. पाहुण्यांनो, आप्पांना पाणी द्या, घाम आलाय. पाहिलंत मंडळी? पाच होड्यांचा निकाल आप्पांनी बसल्या जागी दिला.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात माझं काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आप्पांचं जे कमीजास्त झालं, ते मात्र माझ्या पोटात मावत नाही.