छबूबाईची कळशी आणि राधाकिशनचं मीटर

...अन् तिसरंबी मीटर परत द्यायला भावजी निघाले, तवा मात्र मी थकले हो! तुम्हाला सांगते, बघून बघून थकले. मला काय करायचंय म्हणा! पण राधाकिशन भावजींचं घर आमच्या नळाच्या वाटेवर. कळशी भरून येताना डोळे मिटून चालू का?

झालं असं, त्यांची बायको सत्यशीला उकिरड्यावर शेण टाकायला गेलती, तिथं तिचं डोरलं पडलं. आम्ही बायांनी दिवसभर उकरलं, घावलं न्हाई. भावजी पडले हौशी, सारखे रेडिओ उघडून बसणारे. म्हणले, "थांबा, सोनं हुडकायचं यंत्रच करतो!" करा बाबा! तांब्याची तार गुंडाळून ताटाएवढं वेटोळं केलं. आता म्हणे त्याचं इंडक्टन्स मोजल्याबिगर यंत्र लागत न्हाई. म्हणलं, ते अन् काय? "छबूवहिनी, वेटोळं बदलत्या विजेला किती अडवतंय, ते." अडवू द्या की!

इकडं भाचीचं लग्न तोंडावर, सत्यशीला मोकळ्या गळ्यानं रडतीय, अन् भावजी मोबाईलवर मीटर निवडतेत! स्वस्त पाहिजे, पण खरं बोलणारं पाहिजे... असं माणूस तरी घावतंय का? पहिलं आणलं, त्यात सगळं मोजायची सोय, फक्त वेटोळं सोडून! दुसरं बारकं, खोकंबी न्हाई, उघडंच. त्याचा आकडा नाचायला लागला. तिसरं वडवणीच्या दुकानातून, पिवळ्या खोळीचं. दुकानदार पवन म्हणलता, "काका, ह्याला तोड न्हाई!" तर त्याचाबी आकडा नाचतोय! मी रोज कळशी कमरेवर घेऊन वाकून बघायची, "भावजी, आज किती आलं?" मला काय करायचंय म्हणा, पण काळजी वाटती की!

भावजी तेबी परत द्यायला निघाले, तर पवनच फटफटीवर आला. मीटर बघितलं, वेटोळं बघितलं... अन् मग माझ्याकडं बघितलं.

"मावशी, जरा मागं सरा."

सरले. आकडा थांबला!

"आता पुढं या."

आकडा घसरला!

"काका, मीटर चांगलंय. पितळ जवळ आलं की वेटोळ्याचा आकडा बदलतो. ही मावशींची कळशी!"

अगं बाई! सगळे माझ्याकडं असे बघायले, जसं डोरलं मीच गिळलं!

मला लिंबाखाली उभं करून त्यांनी मोजलं, यंत्र जुळवलं, अन् लग्नाच्या आदल्या दिवशी उकिरड्यातून डोरलं काढलं. सत्यशीलानं मला पेढा दिला... हात लांब करून.

आता ते यंत्र भावजींनी फाटकाला खाली बांधून ठेवलंय. मी आले की कुंईऽऽ करून बोंबलतंय, अन् आतून आवाज येतो, "सत्यशीला, चहा ठेव, वहिनी आल्या!" मला काय करायचंय म्हणा! मी गुपचूप प्लास्टिकची घागर घेतली. तर मेलं आता जोडव्यांवर ओरडतंय... अन् नवरा धडधाकट असताना जोडवी काढू कशी, तुम्हीच सांगा!