हुसेनमामांचा हात

यंत्र आलं म्हणून माणसाची नोकरी जात न्हाई, असं टीव्हीवर बोलणाऱ्यांना एकदा रांजणगावला आमच्या गाड्यांच्या कारखान्यात, रंगकामाच्या पेंट शॉपमधी आणा.

आमच्यात सगळ्यात सफाईदार हात हुसेनमामांचा. रंगाच्या वासानं खोकला जडलेला, तरी गाडीच्या दरवाजावर डाग म्हणून न्हाई. परदेशातनं रंग मारायचा रोबोट आला, तवा साहेबांनी मामांनाच बोलावलं. त्या रोबोटचा हात धरून एकदा काम करून दाखवायचं, की तो जन्मभर तसंच करणार. मामा खुशीत. मला म्हणाले, "पोराचा हात धरून पाटीवर गिरवून घेतो ना, तसंच हाय हे."

शिकवताना मधीच खोकल्याची उबळ आली. मामांनी धरलेला हात तसाच खाली घेतला, खोकून झाल्यावर पुढं चालू केलं.

महिन्याभरात मामांना घरी बसवलं. वरीसही निघालं न्हाई, छातीच्या दुखण्यानं गेले.

मयतीच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर. नवीन इंजिनिअर रोबोटकडं बघत उभा. म्हणाला, "हा दर दरवाजाला मधीच हात खाली घेऊन थांबतो का हो?"

मी म्हणलं, "साहेब, तिथं मामा खोकले होते."