नानांच्या पुस्तकाचं वय

शेजारच्या नानांचं सांगते. रद्दीवाल्याकडून त्यांनी घरगुती औषधांचं जुनं पुस्तक आणलं. आत छापलेलं साल १८७२. "दीडशे वर्षांपूर्वीचं आहे," म्हणत गल्लीभर मिरवले. मग त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, हातून त्यावर सोलकढी सांडली आणि नानांनी बोलणंच टाकलं. दोन दिवस वहिनी रडवेल्या.

मला कुठे राहवतंय? गेले, चष्मा लावून पान बघितलं.

"नाना, आकड्याआधी बारीक अक्षरात 'शके' आहे की हो. अठ्ठ्याहत्तर मिळवा."

नानांनी बोटांवर हिशेब केला. "एकोणीसशे पन्नास? हे तर माझं जन्मसाल."

वहिनींच्या जिवात जीव आला. म्हणाल्या, "तुमच्याच वयाचं ना? तुम्ही तर रोज सदऱ्यावर सोलकढी सांडता. मी कधी बोलणं टाकलं?"